मेण थंड होईपर्यंत

कुवेतमध्ये थंडी आल्याचं आधी कानांना कळतं. एप्रिलपासून अहोरात्र घरघरणारा एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी बंद करावासा वाटतो, आणि तो बंद केला की घर एकदम मोठं होतं. शेजारच्या शमीमभाभींच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. बाल्कनीतल्या पारव्यांची भांडणं शब्दन् शब्द ऐकू येतात. मग मी माळ्यावरची बॅग उतरवते, स्वेटर बाहेर काढते आणि त्यांच्या वर्षभराच्या घड्या मोडायला इस्त्री लावते.

यंदाही लावली. इस्त्री तापली आणि वास आला. मेणाचा.

ही इस्त्री मी लग्नात नाशिकहून आणली होती. जड, जुनी, तळाला एकही भोक नसलेली. रिग्गईच्या या घरात वाफेच्या दोन इस्त्र्या येऊन गेल्या, ही मात्र हलली नाही. ‘टाकून दे आता’ असं माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्याचं त्यालाच कंटाळवाणं झालं. त्या एका हिवाळ्यानंतर मात्र तो तिच्याविषयी आदरानं बोलतो. तळ कितीदा घासला, लिंबू लावलं, मीठ लावलं, तरी पहिल्या थंडीत ती एकदा मेणाचा वास सोडतेच. मी नाक जवळ नेते. चटका बसेल म्हणून ओरडणारं घरात आता कोणी नसतं, त्यामुळे निवांत वास घेता येतो.

त्या हिवाळ्यात आमची रेवा बारावीला होती. पुढच्या ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगसाठी कॅनडाला, कॅलगरीला जायचं जवळजवळ ठरलं होतं. आखाती युद्ध संपून दोनेक वर्षं झाल्यावर आम्ही इथे आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती. मराठी समजायची सगळी, पण उत्तर द्यायची इंग्रजीत. मी विचारायचे, ‘‘जेवलीस का?’’ ती म्हणायची, ‘‘नॉट हंग्री.’’ आमच्या दोघींमध्ये एक बारीकशी फट कायमची पडली होती आणि तिच्यातून रोज थोडा वारा येत होता. भांडण काही नव्हतं. पण मी तिला काय दिलं, आणि त्यातलं ती बरोबर काय नेणार, हा प्रश्न मला भाजी निवडतानासुद्धा पडायचा. नावं ठेवायला जागा नव्हती, इतकी शहाणी मुलगी, आणि तरी मला धास्ती वाटायची. आता सांगायला काय हरकत आहे?

सुहासच्या पेट्रोकेमिकल कंपनीनं त्याला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला नेमकं त्याच गावाला पाठवलं. काय आणू, असं त्यानं फोनवर विचारलं तेव्हा रेवा म्हणाली, ‘‘स्नोबोर्ड.’’ ती गमतीनं म्हणाली होती. पण सुहास प्लांटवरचा माणूस. त्याला गंमत कळत नाही, त्याला रिक्वायरमेंट कळते. त्यानं तिची हनुवटीपर्यंतची उंची मागवली. मी परकराची नवी नाडी तिच्या टाचेपासून हनुवटीपर्यंत ताणून धरली, मग ती टेपवर मोजून आकडा कळवला. डिसेंबरात तो विमानतळावरून घरी आला तो खांद्यावर एक लांबलचक पिशवी घेऊनच.

कस्टमवाल्यानं म्हणे पिशवी उघडून विचारलं, ‘‘शिनू हाधा?’’ हे काय आहे? सुहासनं सांगितलं, बर्फावर घसरायची फळी. त्यानं आणखी दोघांना हाक मारून बोलावलं. तिघांनी मिळून फळी पाहिली, बाहेरच्या वाळवंटाकडे पाहिलं, सुहासकडे पाहिलं आणि ‘‘यल्ला, यल्ला’’ म्हणत त्याला जाऊ दिलं. इमारतीत जिन्यावर शमीमभाभी भेटल्या. या रत्नागिरीकडच्या. नव्वद साली इराकी फौजा शिरल्या तेव्हाही कुवेतमध्येच होत्या, आणि आम्ही आलो तेव्हा गॅस कुठे मिळतो इथपासून सगळं त्यांनीच सांगितलं होतं. त्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, ‘‘अगो वैनी, इस्त्रीचा टेबल हाडलात काय? बरा झाला. तुमी किती वर्सं जमिनीवर बसून इस्त्री करताव.’’

त्यांचं अगदीच चुकलं नाही. पुढे दोन-अडीच महिने त्या फळीवर मी इस्त्रीच केली.

रेवाला ती फळी एकदम प्राणप्रिय झाली. कॅलगरीत सगळी मुलं लहानपणापासून बर्फावर वाढलेली असणार आणि आपण वाळवंटातून आलेलो, उभंसुद्धा राहता येणार नाही, हे तिच्या मनानं घेतलं होतं. थंडी संपायच्या आत तिला एकदा तरी उतारावरून न पडता खाली यायचं होतं. बर्फ कुठून आणणार? वाळू होती. जहराच्या पुढे मुतलाची टेकाडं आहेत. हिवाळ्यात तिथे कुवेती लोक तंबू ठोकतात. ठरलं: गुरुवारी संध्याकाळी फळीला मेण लावायचं आणि शुक्रवारी सकाळी मुतला.

आता, मेण लावायचं म्हणजे काय? सुहासनं सोबत आलेली पुस्तिका उघडून मोठ्यानं वाचली. नवी फळी कारखान्यातून मेण लावूनच येते, तरी नवशिक्यानं ती घसरवण्याआधी स्वतः एकदा लावावं. तळ कोरड्या फडक्यानं पुसावा. इस्त्री वाफेची नसावी. इथे मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मेणाची कांडी इस्त्रीच्या टोकाला टेकवून तळावर थेंब पाडावेत, मग इस्त्री फिरवून ते पसरावेत. इस्त्री एका जागी थांबवू नये. मेण वितळावं, धूर येऊ नये. सुहासला नेमकं तापमान हवं होतं. तो प्लांटमधून कसलासा थर्मामीटर आणायचं म्हणू लागला. मी म्हटलं, ‘‘फोडणीला तेल कधी तापलं ते मला कोणी डिग्रीत सांगितलंय का? सरक.’’

आणि जमलं की मला! बाल्कनीत दोन स्टुलांवर फळी पालथी घातली. टपटप थेंब पडले. पातळ धोतराला करतात तशी हलक्या हातानं, न थांबता इस्त्री फिरवली. तळावर ओला चमकदार पट्टा धावत गेला आणि इस्त्रीच्या मागे मागे सुकत आला. रेवा वाकून बघत होती. ‘‘आई, यू आर गुड,’’ ती म्हणाली. पुरणपोळीला ती असं कधी म्हणाली नव्हती.

मग थांबायचं. मेण पूर्ण थंड झाल्याशिवाय खरवडायचं नाही, पुस्तिकेत बजावून लिहिलं होतं. घाई केली तर तळात मुरलेलंही निघून येतं. निदान अर्धा तास. तो अर्धा तास आम्ही दोघी बाल्कनीत फळीच्या दोन बाजूंना बसून असायचो. दोघींच्याही हाताला काम नसायचं. समोर रिंग रोडवरच्या गाड्यांचे दिवे, पाण्याच्या टाक्यांवर संध्याकाळचा पिवळा उजेड, कुठून तरी भाजलेल्या खुब्जच्या रोट्यांचा वास. पहिल्या गुरुवारी ती काही बोलली नाही. दुसऱ्या गुरुवारी बोलली. वर्गातल्या मैत्रिणीचं, मग फिजिक्सच्या सरांचं, मग एकदा कॅनडातल्या खोलीत एकटीनं झोपायचं भय वाटतं, असंही. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मी मध्ये बोलायचे नाही. मला न बोलणं जमत नाही हे आमच्या सबंध इमारतीला ठाऊक आहे, पण मेण थंड होईपर्यंत मला जमायचं. नंतर तिच्या कंपासमधल्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं आम्ही वरचं मेण खरवडायचो. एका दिशेनं, टोकापासून शेपटीपर्यंत. खोबऱ्याच्या किसासारखा पांढरा भुगा पायाशी पडायचा. शेवटी भांडी घासायच्या नव्या ब्रशनं तळ चमकवायचा. पुस्तिकेतला खास ब्रश कुवेतात कुठे शोधायचा!

पण हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय आणि खरी गोष्ट तशीच राहतेय.

मेणाच्याही आधी फळीवर पट्टे बसवायचे असतात, बूट अडकवायचे. एकेका पट्ट्याला चार स्क्रू. दोन पायांतलं अंतर खांद्यांइतकं, पाय जरासे तिरके. पण सगळ्यात आधी ठरवायचं, कुठला पाय पुढे. पुस्तिकेत लिहिलं होतं, डावा पाय पुढे ठेवणारे ते ‘रेग्युलर’ आणि उजवा पुढे ठेवणारे ते ‘गूफी’.

‘‘गूफी म्हणजे?’’ मी विचारलं.

‘‘बावळट,’’ रेवा म्हणाली.

मी चाटच पडले. उजवा पाय पुढे टाकणारा बावळट? नवी नवरी माप ओलांडते ती उजव्या पायानं. नव्या घरात पाऊल टाकायचं ते उजवं. रेवा पहिल्यांदा शाळेच्या बसमध्ये चढली तेव्हा, दर परीक्षेला हातावर दहीसाखर घेऊन दाराबाहेर पडली तेव्हा, सलवाचं घर सोडून या घरात आलो तेव्हा, प्रत्येक वेळी मी मागून किंवा पुढून सांगितलंय, ‘‘उजवा!’’ ती तोंड वाकडं करायची, पण पाय मात्र उजवाच टाकायची.

कुठला पाय ते ओळखायची युक्ती पुस्तिकेत होती. माणसाला सरळ उभं करायचं, आणि त्याच्या नकळत मागून हलकेच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडेल तो पुढचा. सुहासनं तिला पॅसेजमध्ये उभं केलं. मी समोर, दाराशी. त्यानं ढकललं. ती पुढे आली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘‘उजवा!’’

पडला उजवा. सुहासनं कागदावर ‘गूफी’ असं लिहून खाली तारीख घातली, आणि आठही स्क्रू मन लावून आवळले.

त्यानंतर रेवा पडायला लागली. मुतलाच्या त्या उतारावर ती डिसेंबरभर पडली, जानेवारीभर पडली. नवशिक्यानं पडायचंच असतं, असं आम्ही म्हणायचो. सुहास म्हणाला, वाळूचं घर्षण जास्त. मी म्हटलं, मेण कमी पडतंय. कांडी संपलीच होती. शमीमभाभींना कळलं तशा त्या कपाटातून मेणबत्त्यांचे चार पुडे घेऊन आल्या. कागद पिवळा पडलेला.

‘‘नव्वद सालापासून घरात ठेवते मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेव्हा लाइट गेले ना, तवापासून सवय लागली. जुन्या झाल्या की नव्या घेते. आता पोरीला घसराक होत असतील तर घे. भीतीसाठी ठेवलेल्या, खेळासाठी जाऊ देत.’’

त्या गुरुवारी थेंब पाडताना मला उगीचच गलबलून आलं. मेणबत्तीचं मेण वाळूवर कांडीपेक्षाही छान सरकलं. तरी रेवा पडलीच. शेंडीपासून टाचेपर्यंत वाळू, केसात वाळू, दातांखाली वाळू. एकदा मनगट सुजलं. शेकोटीपाशी गहवा, अरबी कॉफी, पीत बसलेला एक म्हातारा कुवेती दर शुक्रवारी तिला पडताना बघायचा आणि हळहळून ‘‘या बिन्ती’’ म्हणायचा, अगं पोरी. फेब्रुवारी उजाडला तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, आय अ‍ॅम जस्ट नॉट मेड फॉर इट. मे बी नॉट फॉर कॅनडा आयदर.’’ पट्टी खाली ठेवून ती आत गेली. राहिलेलं मेण मी एकटीनं खरवडलं. त्या दिवशी भुगा फारच झाला, संपता संपेना.

दोन दिवसांनी मी बाल्कनी धूत होते. धुळीचं वादळ येऊन गेलं होतं, साबणाचं पाणी फरशीभर पसरलेलं. रेवा दोरीवरचे कपडे काढायला आली, आणि लहान असताना करायची तशी दोन पावलं धावून त्या साबणावरून सर्रकन या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेली. तोल अगदी मजेत. डावा पाय पुढे.

माझ्या हातातला फडका तिथेच राहिला. ‘‘परत कर बघू,’’ मी म्हटलं. तिनं केलं. डावा.

दिवसभर मला काही सुचेना. त्या दिवशी पॅसेजमध्ये तिचा पाय कुठला पडत होता, आणि मी मध्येच कोणता टाकायला लावला! दोन महिने पोर माझ्या शब्दापायी आपटत होती. आणि मनात त्याहून मोठी भीती दाटली. या फळीचं जाऊ दे. आणखी कुठे कुठे मी असंच ओरडून ठेवलंय? मी तिला जे जे म्हणून दिलं ते तिच्या पायात असंच अडकणार आहे का? शमीमभाभी मेथी निवडायला आल्या तेव्हा त्यांच्यापाशी मी रडलेच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘अगो, आमी मशिदीत जातो ते उजव्या पायान्. आन् भायेर येतो ते डाव्यान्. दोनी पाय त्यानंच दिलेत ना? पोरीला सांगून मोकळी हो.’’

गुरुवारी मेण लावून झालं आणि आम्ही थांबलो, तेव्हा मी सांगितलं. सरळ. तुझा पाय डावा आहे, मी ओरडले म्हणून उजवा पडला.

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. ‘‘तू मध्ये का बोललीस, आई?’’ ती म्हणाली. मराठीत. ‘‘नेहमी का बोलतेस?’’ आणि उठून गेली. इतकं सबंध मराठी वाक्य बऱ्याच दिवसांनी ऐकलं, आणि ते असं. मेण रात्रभर तसंच राहिलं. सुहासला सांगितलं तर तो गंभीरपणे म्हणाला, ‘‘म्हणजे टेस्टच्या वेळी बाहेरून डिस्टर्बन्स आला.’’ एरवी मी यावर त्याला सोडलं नसतं.

सकाळी उठून पाहते तर रेवा बाल्कनीत मांडी घालून बसलेली. मेण खरवडून झालेलं, बाजूला आठ स्क्रू वाटीत काढून ठेवलेले. ‘‘आई, हे धर,’’ एवढंच म्हणाली. मी पट्टे धरले, तिनं ते उलटे फिरवून बसवले. स्क्रू शेवटी सुहासनं तपासले; तेवढं नसतं केलं तर त्याला जेवण गेलं नसतं.

मुतलाला त्या दिवशी हवा स्वच्छ होती. वाळूच्या अंगावर हिरवी लव फुटली होती, ती चारच दिवस टिकते. रेवा वर चढली. मी खाली थर्मास घेऊन उभी होते. तोंडात ओढणीचा बोळा कोंबला होता, खरंच. तिनं वर फळी ठेवली. मग जे केलं ते इतक्या खालूनही मला नीट दिसलं: आधी उजवा पाय उचलून फळीवर टेकवला, क्षणभर ठेवला, काढला. मग बूट अडकवले, डावा पुढे केला आणि निघाली.

ती पडली नाही. डुलली, हात पसरले, एकदा कमरेत वाकली, पण पडली नाही. थेट थर्मासपाशी येऊन थांबली. तो म्हातारा कुवेती उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मी ओढणी तोंडातून काढली तर रेवा म्हणाली, ‘‘आता बोल ना.’’ मी थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला.

आता ती शनिवार-रविवारी कॅलगरीजवळच्या एका टेकडीवर नवशिक्यांना शिकवते. त्यांना मागून ढकलते आणि आपण गप्प बसते, असं फोनवर सांगत होती. मेण लावून अर्धा तास थांबायला मुलं कुरकुरतात म्हणाली. ‘‘मग तू काय करतेस?’’ ‘‘आय सिट विथ देम. बोलतात मग हळूहळू.’’ माझी इस्त्री मागत होती. मी दिली नाही. इतकी काही मी उदार नाही.

तिच्या जाण्याचा दिवस ऑगस्टातला. बाहेर तव्यासारखा उन्हाळा, विमानतळावर थंडगार. तिनं फळी बरोबर घेतली होती. वाळूनं तळाला बारीक ओरखडेच ओरखडे पडले होते, तिथे नवी घे असं सुहासनं सांगितलं, पण तिनं ऐकलं नाही. मी आदल्या दिवशी भाभींच्या शेवटच्या मेणबत्तीचा जाड थर देऊन ठेवला होता, प्रवासात खरवडू नको म्हणून बजावलं होतं. दहीसाखर घरीच देऊन झाली होती. आता फक्त समोरचं काचेचं दार होतं, त्याच्या पलीकडे आम्हाला सोडत नव्हते.

ती ट्रॉली ढकलत दारापर्यंत गेली. दार सरकून उघडलं. आणि तिथेच थांबून ती मागे वळली.

‘‘आई,’’ तिनं विचारलं, ‘‘कुठला?’’

माझ्या ओठांवर आला होता तो शब्द. बारा वर्षं येत होता. मागून लोक खोळंबले होते, सुहास माझ्याकडे बघत होता.

‘‘तुझा तू बघ,’’ मी म्हटलं.

ती हसली, वळली आणि गेली. कुठला पाय पुढे पडला ते मला दिसलं नाही. मध्ये फळीची पिशवी होती.